चिकित्सेचे चार पाद
(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेले व्याख्यान)



घरात माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न निघतो तो औषधाचा आणि दुसरा वैद्याचा. रात्री उशाशी कोण बसणार, हा तिसरा प्रश्न बहुधा कोणी मोठ्याने विचारीत नाही. कारण न विचारताच त्याचे उत्तर घरातील एखाद्या स्त्रीच्या वाट्यास आलेले असते. आणि रुग्णाने स्वतः काय करावयाचे, हा चौथा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही. आयुर्वेदाच्या आचार्यांनी मात्र हे चारही प्रश्न एकत्र मांडले, आणि चारींचे उत्तर मिळाल्यावाचून चिकित्सा उभीच राहत नाही असा निर्णय दिला.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नाव ‘खुड्डाकचतुष्पाद’ असे आहे. खुड्डाक म्हणजे लहानसा. अध्याय लहान खरा, परंतु आशय मोठा. भिषक् म्हणजे वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी, हे चिकित्सेचे चार पाद होत. प्रत्येक पादाचे चार गुण सांगितले आहेत. वैद्यापाशी निर्मळ शास्त्रज्ञान, पुष्कळ पाहिलेल्या कामाचा अनुभव, दक्षता आणि शुचिता असावी. द्रव्य विपुल असावे, योग्य असावे, त्याचे नाना कल्प करता यावेत आणि ते आपल्या गुणांनी संपन्न असावे. परिचारकास शुश्रूषेचे ज्ञान असावे, त्याच्या अंगी दक्षता व शुचिता असावी, आणि रुग्णाविषयी अनुराग असावा. रुग्णापाशी स्मृती असावी, सांगितलेले पाळण्याची वृत्ती असावी, निर्भयता असावी, आणि आपले दुःख नीट सांगण्याची शक्ती असावी. असे हे सोळा गुण.

येथे एक शंका उपस्थित होते. हे सोळाही गुण एका ठिकाणी जुळून आले तर चिकित्सा सुकरच होईल. पण ते जुळतात कोठे? संसारात बहुधा एक ना एक पाद लंगडा असतोच. तो लंगडा झाला म्हणजे उरलेल्या तिघांनी काय करावयाचे? शास्त्राची खरी कसोटी येथे लागते. या शंकेचे समाधान ग्रंथात शोधण्याआधी ते पांढुर्णा-सौंसरच्या भूमीतच शोधू गेल्यास सापडण्यासारखे आहे.

प्रथम रुग्ण हा पाद घ्यावा. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि दोन्ही तीरांवरून दगडांची वृष्टी सुरू होते. ही गोटमार श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. चंडीमातेच्या नावाने चालत आलेल्या या प्रथेत प्रतिवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, आणि १९५५ पासून आजवर दहाहून अधिक माणसांचे प्राण तीत गेले आहेत. मागे प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते लोकांनी स्वीकारले नाहीत. आता त्या दिवशी प्रतिबंधक आदेश निघतात, पोलीस येतात, आणि वैद्यकीय पथके तंबू ठोकून बसतात.

त्या तंबूतील वैद्याची स्थिती मोठी विलक्षण असते. अन्यत्र रुग्ण रोगापासून पळत वैद्याकडे येतो. येथे तो टाके घालून, पट्टी बांधून घेतो आणि पुन्हा नदीकडे धावतो. सांगितलेले पाळणे हा रुग्णाचा गुण येथे मुळातच नाही. डोक्याची त्वचा रक्तवाहिन्यांनी भरलेली असल्यामुळे लहान जखमही पुष्कळ वाहते आणि पाहणारा घाबरतो; उलट ज्याच्या कवटीच्या आत रक्तस्राव होत आहे तो माणूस पहिले काही तास हसत-बोलतही असतो. म्हणून डोक्यास मार लागलेल्यास निदान एक दिवस कोणाच्या तरी नजरेखाली ठेवावे लागते. ओकारी, वाढती गुंगी, बोबडे बोलणे किंवा एका अंगाची दुर्बलता दिसताच मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. हे सर्व वैद्य सांगतो, आणि ज्याला सांगतो तो गर्दीत केव्हाच नाहीसा झालेला असतो.

अशा वेळी वैद्याला संताप येणे स्वाभाविक आहे. हाताने केलेले काम डोळ्यांदेखत उधळले जात असता कोणाचे मन स्थिर राहील? तथापि तंबूतील सुई थांबत नाही. जखमी पांढुर्ण्याचा की सावरगावचा, हे कोणी विचारीत नाही. तो दुसऱ्यांदा आला तरी त्याला परत पाठवीत नाहीत. रुग्ण आपल्या धर्मापासून ढळला म्हणून वैद्याने आपल्या धर्मापासून ढळावे असा नियम नाही, हेच तेथे आचरणाने सांगितले जाते. मात्र ज्याच्या कपाळातून रक्त वाहत आहे त्याला उपदेश ऐकू येत नाही. उपदेशाची वेळ ती नव्हे. ती वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आहे, आणि ते काम वैद्याचे नसून घरातील वडीलधाऱ्यांचे, गुरुजनांचे व भक्तमंडळींचे आहे. ते त्यांनी केले नाही तर त्याचे ओझे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तंबूतील परिचारिकेच्या हातांवर येऊन पडते.

आता दुसरा पाद, भिषक्. सौंसर तालुक्यात जामसावळी येथे पिंपळाखाली निजलेल्या स्थितीतील हनुमंताची मूर्ती आहे. मूर्तीच्या नाभीतून येणारे पाणी तीर्थ म्हणून घेतले जाते, आणि मध्यप्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही प्रांतांतून व्याधिग्रस्त माणसांना तेथे आणतात. त्यांत मनोरुग्ण फार असतात. कोणाला आवाज ऐकू येतात, कोणी आठवडेच्या आठवडे झोपत नाही, कोणाला झटके येतात. घरचे लोक त्याला ‘बाहेरची बाधा’ म्हणतात, शेतीची कामे टाकून येतात आणि दिवसच्या दिवस तेथे राहतात. येथे रोगी आहे, उपस्थाता आहे, त्याच्यापाशी अनुरागही आहे. बहुधा नसतो तो वैद्य.

या ठिकाणी दोन पक्ष हमरीतुमरीवर येतात. एक म्हणतो की हे सर्व अज्ञान आहे, यात काही अर्थ नाही. दुसरा म्हणतो की देवाच्या दारी आल्यावर वैद्य कशाला? दोन्ही पक्ष शास्त्राला सोडून आहेत.

पहिल्या पक्षाला उत्तर असे की, आश्रय, सोबत आणि आशा यांचा मनावर परिणाम होतो हे आधुनिक वैद्यांनीच मोजून पाहिले आहे. तामिळनाडूतील मुथुस्वामी मंदिरात येऊन राहिलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास बंगळूर येथील निमहान्स या संस्थेच्या मनोवैद्यांनी केला व तो २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. काही आठवड्यांच्या वास्तव्यानंतर, औषधावाचूनही, त्यांच्या लक्षणांत सुमारे एक-पंचमांश घट दिसून आली. तेथे साखळदंड नव्हते, मारहाण नव्हती; घरचे माणूस जवळ होते, साधे काम होते आणि कोणी हिणवीत नव्हते. म्हणजे देवाच्या दारी मिळाला तो निर्भयतेचा लाभ, जो रुग्णाच्या चार गुणांपैकी एक आहे.

परंतु दुसऱ्या पक्षाने याच अभ्यासाची दुसरी बाजू पाहावी. लक्षणे एक-पंचमांश घटली, याचा अर्थ चार-पंचमांश उरली. चरकाचार्यांनी चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले: मंत्र, उपवास, तीर्थगमन इत्यादी दैवव्यपाश्रय, आहार व औषधे यांची योजना हा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरणे हा सत्त्वावजय. एकाने दुसऱ्याला हाकलून द्यावे असे त्यांनी कोठेही म्हटले नाही. उलट उन्मादाच्या निदानाचा विचार करताना त्यांनी स्पष्ट बजावले आहे की या व्याधीचा दोष देव, पितर, गंधर्व वा राक्षस यांच्या माथी मारू नये. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यास जे मान्य नव्हते ते आज मांत्रिकाने सांगावे आणि लोकांनी मानावे, ही शास्त्रनिष्ठा नव्हे. वैद्यावाचून उरलेले तीन पाद कसे असतात, यासाठी त्याच अध्यायात कुंभाराचा दृष्टांत आहे: माती आहे, काठी आहे, चाक आहे, दोरा आहे, कुंभारच नसेल तर घडा कसा होणार?

आधुनिक वैद्यक सांगते की हे विकार मेंदूचे व मनाचे आहेत. त्यांत आनुवंशिकतेचा भाग असतो, आयुष्यातील आघातांचा असतो. त्यात रुग्णाचे पाप नसते आणि मातेच्या संगोपनाचा दोषही नसतो. औषधाचा गुण यावयास काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागताच ते आपल्या मनाने बंद केले तर व्याधी पुन्हा उसळते. अपस्मार, म्हणजे ज्याला लोक फेफरे वा मिरगी म्हणतात, त्याचे तर दहापैकी सात रुग्ण योग्य औषधाने झटक्यांपासून मुक्त राहू शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा मुलाला वर्षानुवर्षे केवळ अंगारा लावीत ठेवणे ही भक्ती नव्हे.

तामिळनाडूतच एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका निवासात साखळ्यांनी बांधलेल्या पंचवीसहून अधिक मनोरुग्णांना पळता आले नाही. ते जागीच जळाले. मनोरुग्णास साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आता मनाई आहे. याच्या उलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मनोवैद्यांनी आपले बाह्यरुग्ण केंद्र दर्ग्याच्या आवारातच थाटले. तेथे प्रार्थना सांगणारा मुजावर स्वतःच रुग्णाला शेजारच्या वैद्याकडे पाठवितो. प्रार्थना गेली नाही, औषध आले. चौथा पाद जोडला गेला. जामसावळीला येणाऱ्या भाविकांनीही हेच करावयाचे आहे. हनुमंताचे दर्शन घ्यावे, तीर्थ घ्यावे, आणि वैद्याने दिलेली गोळी त्याच श्रद्धेने घ्यावी. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करून घरबसल्या सल्ला विचारता येतो. संकटात द्रोणागिरी आणावयास गेलेल्या मारुतीला लंकेहून सुषेण वैद्याचीच आज्ञा शिरोधार्य होती, अशी कथा लोकांत प्रसिद्ध आहे. ती त्याच्या भक्तांनी विसरू नये.

तिसरा पाद द्रव्य. औषधच नसेल तर काय करावे? या प्रश्नाचे उत्तर वर्ध्याजवळील सेवाग्रामात एका संस्कृत पंडिताच्या निमित्ताने मिळाले. दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे विद्वान आणि सत्याग्रही. त्यांना कुष्ठरोग जडला. येरवड्याच्या तुरुंगात ते या व्याधीमुळे इतर बंद्यांपासून वेगळे ठेवले गेले होते, आणि तेथेच असलेल्या गांधीजींचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. १९३९ साली शास्त्रीजी व्याधीने जर्जर होऊन सेवाग्रामच्या आश्रमाच्या दारी आले. तेव्हा कुष्ठावर खात्रीचे औषध नव्हते. गुणकारी सल्फोन औषधांचा उपयोग अमेरिकेत १९४१ मध्ये सुरू झाला व भारतात तो त्यानंतर आला. अनेक औषधांचा एकत्र उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचविला. म्हणजे शास्त्रीजींच्या वेळी द्रव्य हा पाद जवळजवळ नव्हताच.

आश्रमात इतर माणसे होती. संसर्गाची भीती खरी होती. गांधीजींनी तो प्रश्न झाकला नाही, आश्रमवासीयांपुढे मांडला, आणि त्यांच्या संमतीने शास्त्रीजींसाठी आपल्या कुटीजवळ झोपडी उभी केली. ती परचुरे कुटी आजही सेवाग्रामात पाहावयास मिळते. गांधीजी स्वतः तेथे जाऊन त्यांच्या जखमा पाहत, अंगाला मालीश करीत. ज्या अंगाला स्पर्श करावयास कोणी धजत नव्हते त्याला रोज ठरल्या वेळी स्पर्श होऊ लागला. पण कथा येथेच संपत नाही, आणि खरी शिकवण पुढेच आहे. शास्त्रीजी केवळ शुश्रूषा घेणारे राहिले नाहीत. ते आश्रमातील लोकांना संस्कृत शिकवीत. आश्रमातील विवाहप्रसंगी त्यांनी पौरोहित्य केले. ज्याला समाजाने पंक्तीबाहेर काढले होते त्याच्या मुखातून वधूवरांना मंत्र मिळाले. पुढे ते वर्ध्याजवळच मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली सुरू केलेल्या दत्तपूरच्या कुष्ठधामात राहिले आणि १९४५ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले.

व्याधी बरी झाली नाही. मग ती सेवा निष्फळ झाली काय? ज्याच्या दृष्टीने चिकित्सेचे फळ केवळ रोगनाश एवढेच आहे त्याला तसे वाटेल. परंतु शास्त्रीजींना जे परत मिळाले ते त्यांचे पंडितपण. रोग्याला ‘रोगी’ या एकाच नावाने ओळखणे सोडून त्याला त्याच्या विद्येने, त्याच्या कामाने पुन्हा ओळखणे, हा उपचार औषधाच्या अभावीही करता येतो. संस्कृत पाठशाळेत शिकणाऱ्या प्रत्येकाने ही कुटी एकदा पाहून यावी.

चौथा पाद उपस्थाता. १९५६ मध्ये प्रांतांच्या सीमा बदलल्या, नागपूर एका राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर दुसऱ्या राज्यात राहिले. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. तथापि कठीण दुखणे आले की गाडी आजही नागपूरच्याच रस्त्याला लागते. २०२१ च्या मार्चमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मध्यप्रदेश शासनाने महाराष्ट्राकडील बससेवा थांबविली, तेव्हा हा रस्ता किती जवळचा होता ते लोकांना कळले. त्या दिवसांत रुग्णाजवळ घरचे माणूस जाऊ शकत नव्हते. उपस्थाता हा पाद नियमानेच काढून घेतला गेला होता. ती जागा परिचारिकांनी भरून काढली. नखशिखांत आवरणात, घामाने भिजून, तासन्‌तास पाण्याचा घोट न घेता त्यांनी काम केले; रुग्णाच्या कानाशी दूरध्वनी धरून घरच्यांचा आवाज ऐकविला, आणि अंत्यसमयी हात धरावयासही पुष्कळदा त्याच होत्या. त्या घरी जात तेव्हा आपल्याच लेकरांपासून दूर, वेगळ्या खोलीत निजत.

ती साथ ओसरली. परंतु ज्या घरी अर्धांगवायूने खिळलेला पिता वा मनोरुग्ण मुलगा आहे, तेथे एका उपस्थात्याचा एकांत अजून ओसरलेला नाही. रुग्णाचा समाचार घ्यावयास दहा माणसे येतात. ती रुग्णाला विचारतात, ‘कसे वाटते?’ ज्या माउलीने पाच वर्षे पुरती झोप घेतलेली नाही तिला असे कोणी विचारीत नाही. ती चिडली की लोक म्हणतात, हिच्यात सेवाभाव नाही. वस्तुतः ती चीड अनुरागाचा अभाव नव्हे. एकाच खांद्यावर चार पादांचा भार आल्याची ती खूण आहे.

आता वैद्य व परिचारक यांनी हा भार मनाने कसा पेलावा, हा प्रश्न उरतो. त्याच चतुष्पादाच्या अध्यायाच्या शेवटी आचार्यांनी वैद्याची चार प्रकारची वृत्ती सांगितली आहे: सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, ज्याला बरे करणे शक्य आहे त्याच्याविषयी प्रीती, आणि जे प्रकृतिस्थ झाले, म्हणजे परंपरेच्या अर्थाने मरणाच्या वाटेला लागले, त्यांच्याविषयी उपेक्षा. हा शेवटचा शब्द वाचून पुष्कळ दचकतात. मरणाऱ्याची उपेक्षा करावी काय?

मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. पण धातूकडे पाहावे. उप म्हणजे जवळ, आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. जवळ राहून पाहणे, फळाविषयी आग्रह सोडून पाहणे, ही या शब्दाची मूळ घडण. जे टळणार नाही ते टाळण्यासाठी धडपडून रुग्णाचे शेवटचे दिवस नळ्या-सुयांनी भरून टाकू नयेत. आणि आता काही होणार नाही असे म्हणून पाठही फिरवू नये. वेदना शमवावी, तोंड ओले करावे, कूस पालटावी, जवळ बसावे. आजचे वैद्य ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात तिचे मर्म याहून वेगळे नाही. ज्या वैद्याला ही चौथी वृत्ती साधली नाही तो प्रत्येक मृत्यूला आपला पराभव मानतो, आणि काही वर्षांत एकतर कठोर होतो किंवा मोडून पडतो.

असो. मघाच्या शंकेचे समाधान आता होते. एक पाद ढळला म्हणजे उरलेल्यांनी पळून न जाता थोडा अधिक भार घ्यावयाचा. आणि ढळलेला पाद ज्याच्याकडून पुन्हा उभा करता येईल त्याने तो उभा करावयाचा. या कामी भक्तमंडळींच्या वाट्यास तीन गोष्टी येतात. जखमा होण्याआधी आपल्या मुलांना आवरावे. मनोरुग्णाला देवदर्शनाबरोबर वैद्याकडेही न्यावे, आणि शेजारी नेत असेल तर त्याला हसू नये. आणि ज्या घरी दीर्घ दुखणे आहे तेथे समाचाराला जाताना संत्र्यांची पिशवी नेली नाही तरी चालेल. दोन तास उशाशी बसावे, आणि त्या घरच्या माउलीला सांगावे, ‘बाई, तू आता नीज.’

इत्यलम्.